कडी लावून बसलेल्या शकुंतलाबाई

मोठी आंजी गावच्या शकुंतलाबाई दुपारची जेवणं आटोपली की कापसाच्या खोलीत शिरत आणि आतून कडी लावत. कापूस कधीच विकला गेला होता. उरली होती रिकामी खोली आणि सरकीचा वास. तासभर त्या भिंतीला टेकून नुसत्या बसत. जप नाही, पोथी नाही, मोबाईल नाही.

घरापुढेच किराणा दुकान. "अवं, हळदीचं पोतं कुठं हाये?" इथपासून "माहा चष्मा कुठं गेला?" इथपर्यंत साऱ्या चौकश्यांची खिडकी म्हणजे शकुंतलाबाई. गेल्या वर्षी छातीत धडधड सुरू झाली, झोप उडाली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी नाना तपासण्या केल्या आणि काहीच निघालं नाही. या तासानं मात्र धडधड थांबली, सुनेवर, रीतावर, ओरडणंही थांबलं. रीता तर त्या दारापाशी कोणाला चप्पल वाजवू देत नसे.

पण बाईनं दार लावलं म्हणजे ती रुसली, आणि रुसली की तिला मनवायचं, हा इकडचा कायदा. यजमान भैय्याजींनी नवी साडी आणून उंबऱ्यावर ठेवली. दार उघडलं, साडी आत गेली, कडी पुन्हा लागली.

मग नाचणगावाहून मोठे भाऊ मधुकरराव आले. निवृत्त मास्तर, दाराबाहेर खुर्ची टाकूनच बसले.

"शकू, काऊन रुसली बाई? कोन काय बोललं तुले?"

"कोनी बोलू नये म्हनून तं बसली, दादा! आता तुमीच बोलून राह्यले."

"एकटं बसनं बरं नाई. डोक्यात नाई नाई ते येते."

"डोक्यात तुमीच सारे होते. आता कुठं जागा झाली."

भैय्याजींना हे फार लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कडीच उखडून खिशात टाकली. "आता बस!" शकुंतलाबाईंची भाजीला फोडणी तेवढी जोरात पडली.

दुपारी मधुकरराव निघाले. पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवायचं आणि खऱ्या गप्पा तिथंच सुरू करायच्या, हाही इकडचा कायदा. सारं घर फाटकाशी जमलं. शकुंतलाबाई भावाच्या पाया पडल्या, मागं फिरल्या, आत गेल्या आणि घराचं मोठं दार लावून घेतलं. दुकानातून आत यायचं दारही.

भैय्याजी ओट्यावर धावले. "अवं, हे काय? ऊन पाह्य बाहेर!"

"एका खोलीत मावत होती मी. थे तुमाले पाह्यवलं नाई. आता पुरं घर घेतलं."

"लोक काय म्हनतीन?"

"थे तुमी ऐका. मी आराम करून राह्यली."

रीता पदरात तोंड खुपसून हसत होती. मधुकरराव घाम पुसत म्हणाले, "भैय्याजी, लहानपनापासून अशीच हाये थे. देऊन टाका."

भैय्याजींनी खिशातली कडी काढून खिडकीच्या गजांपाशी धरली. "हे पाह्य! बसवून देतो. उघड आता!"

"तास होऊ द्या," आतून आवाज आला. "अन् या खेपेला मोठे स्क्रू लावजा."