भलतीकडे गेलेली हाक

त्याला सगळे चिमटा म्हणायचे. हातात कायम बारीक चिमटा, आणि स्वभावही तसाच, धरलं की सोडायचा नाही. टॅक्सी कंपन्यांनी टाकून दिलेले वॉकीटॉकी उघडायचे आणि त्यांना भलत्याच फ्रीक्वेन्सीवर बोलायला लावायचं, हा त्याचा उद्योग. परवाना बिरवाना कसला हो! असा सेट त्याच्या ठरलेल्या फ्रीक्वेन्सीच्या हद्दीबाहेर नेला की तो पीं पीं करतो आणि बोलणंच बंद करतो. चिमट्यानं त्या कुरकुरीची तारच कापून टाकायची युक्ती काढली होती. दुकानाच्या उबेत सेट झकास चालायचे.

असे दोन सेट त्यानं मेहुण्याला दिले होते. मेहुणा खोल खड्ड्यात उतरून पाइप बसवून घ्यायचा, वरून क्रेनवाला पाइप सोडायचा. क्रेनवाल्याला खड्ड्यातलं काही दिसत नसे. बॅटरी वाचावी म्हणून त्यांचं ठरलेलं, गप्प म्हणजे ठीक, बोलायचं ते फक्त थांबवायला. चिमट्याला हे ठाऊक होतं. त्यात काही वावगं आहे असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. चिमटा मेहुण्यासाठीच तिसरा सेट त्याच फ्रीक्वेन्सीवर जुळवत बसला होता. फळीवरचा रेडिओ नेहमीसारखा सगळ्या फ्रीक्वेन्सी धुंडाळत खरखरत होता. अचानक त्यातून मेहुण्याचा आवाज आला.

"थांब! अरे थांब, पाय अडकलाय माझा!"

चिमट्यानं रेडिओवरचा आकडा पाहिला. ही त्यांची फ्रीक्वेन्सी नव्हतीच. गारठ्यानं मेहुण्याचा सेट ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवरून घसरला होता, आणि घसरल्यावर त्याला गप्प करणारी तार यानंच कापलेली. क्रेनवाल्याला काही म्हणजे काही ऐकू जात नव्हतं. त्याच्या लेखी सगळं ठीक चाललं होतं.

"थांब रे! ऐकू येत नाही का!" आवाज आता रडवेला झाला होता.

चिमट्यानं टेबलावरचा सेट उचलला. हाही घसरला असेल तर? बायकोला काय तोंड दाखवू, तुझ्या भावाला मीच...

"थांबव! क्रेन थांबव!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला.

खरखर. नुसती खरखर.

"थांबवली," क्रेनवाला म्हणाला. "कोण बोलतंय?"

चिमटा दुकान उघडंच टाकून धावत सुटला.

मेहुण्याला माणसांनी वर काढलं होतं. काठावर बसून तो घोटा चोळत होता. क्रेनवाला अजून केबिनमध्येच होता.

"भावजी, सेट म्हणजे सेट आहे तुमचा!" मेहुणा म्हणाला. "पाइप वीतभर वर होता. तेवढ्यात ऐकलं बघा क्रेनवाल्यानं!"

"त्यानं नाही ऐकलं." चिमट्याचे दात वाजत होते. "मी ऐकलं. दुकानात. त्याला मी सांगितलं."

मेहुण्यानं हातातल्या सेटकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे. त्याचं हसू मावळलं.

"आणि तुम्ही तेव्हा चहाला गेला असतात तर?"