खवले काढलेली खवली

खांदा कॉलनीतल्या खोलीतून कॉलेजच्या प्रयोगशाळेकडे निघताना भावना लिंबाची फोड हातांवर चोळून घेई. खरं तर प्रयोगशाळेत सगळ्यांच्याच हातांना माशांचा वास असे. पण तो अभ्यासाचा. हिचा घरून आलेला. तिची आई मैना पनवेलच्या बाजारात मासे विकायला बसे, आणि भावना त्या रस्त्यानं जाताना पलीकडची बाजू धरी. आपण उरणच्या कोळीवाड्यातल्या, हे तिनं कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं.

तिचा संशोधनाचा विषय होता खवली, ओढ्यानदीतला बोटभर मासा. त्याच्या जाती बहिणींसारख्या दिसतात. गुणसूत्रांची संख्यासुद्धा सारखीच. फरक असतो तो डीएनएच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांत. गाण्यातल्या पालुपदासारखे हे तुकडे; कुठल्या जातीत ते कुठल्या गुणसूत्रावर येतात, हे ती ताडून पाहत होती. जिवंत माशाला औषध टोचायचं, पेशी विभागता विभागता थांबवायच्या, मूत्रपिंड काढून काचपट्टी करायची. मासा मात्र बरणीत जपून ठेवायचा. उद्या कुणी जात विचारली, तर खवले आणि पर मोजून सांगता यावी म्हणून.

हे तुकडे चमकवणारा रंग लावायला मुंबईला पाठवलेल्या काचपट्ट्यांचे फोटो आले. पळस्प्याच्या ओढ्यातल्या एका माशाचं पालुपद भलत्याच जागी चमकत होतं. तिच्या मार्गदर्शक अरुंधती मॅडम खुर्चीतून उठल्याच.

"वेगळी जात असू शकते, भावना! बरणी आण."

बरणीतला मासा गुळगुळीत होता. अंगावर खवला नाही, पर मुळापासून छाटलेले.

प्रयोगशाळेतले शिपाई काशिराम वाकून बघत म्हणाले, "मॅडम, हळद-मीठ तेवढं लावायचं राहिलंय."

सगळे हसले. भावनाला ती दुपार आठवली. लोडशेडिंगची वेळ होत आली होती, पेशी वेगळ्या करायचं यंत्र बंद पडायच्या आत काम उरकायचं होतं. घाईत हात आपल्या वळणावर गेले होते. आधी खवले, मग पर, मग पोट. घरी करतात तसं.

"बाजारातून आणला होता," तिच्या तोंडून निघून गेलं. "कोळणीनं साफ करूनच दिला."

"बरणीवर तर पळस्पे लिहिलंय. आणि मेलेल्या माशाच्या पेशी विभागतात का गं?" मॅडमनी फोटो बाजूला सारला. "म्हणजे काचपट्ट्यांची अदलाबदल झाली. जाऊ दे. हा निष्कर्ष धरायचा नाही."

भावना त्या फोटोकडे बघत राहिली. दोन वर्षांत एवढंच एक नवं हाती लागलं होतं.

"नाही मॅडम. ओढ्यातलाच आहे. जिवंत होता. साफ मीच केला." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "माझी आई मासे विकते."

आता कुणी हसलं नाही. काशिराम बरणीचं घट्ट लागलेलं झाकण पुन्हा घट्ट करत राहिले.

"मग फोटो खरा," मॅडम म्हणाल्या. "पण माशाला नाव देता येणार नाही. त्याच ओढ्यावर जा, पुन्हा शोध."

संध्याकाळी भावना बाजारात गेली, आईच्या बाजूनं.

"काय गो, आज रस्ता चुकलीस?" मैना पाटीवर पाणी शिंपडत म्हणाली.

भावना तिच्या शेजारी गोणपाटावर बसली. "आये, कॉलेजात एक मासा माझ्या हातून बिघडला. नाव मी कोळणीचं घेतलं."

"कंच्या कोलनीचं?"

भावना गोणपाटाचा धागा ओढू लागली. मैनाचा हात पाण्यात थांबला, मग पुन्हा शिंपडू लागला.

"कंचा मासा?"

"खवली."

"येवढुशी खवली आमी गिऱ्हाइकाला साफ करून देत नाय गो. आपल्या घरचीच करतो." ती हसली, पण लेकीकडे न बघता.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई थांबल्या. दोघींकडे बघून म्हणाल्या, "मावशी, ही तुमची मुलगी का?"

मैनानं आधी भावनाकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं.

भावनाला मान वर करता येईना. खाली बघतच ती म्हणाली, "हो."