लिलाव संपेपर्यंत थांबणारी गाडी

मोटार कंपनीचे मॅनेजर, पण हाताला घड्याळ नाही, असे आमचे मॅनेजरसाहेब. "गाडी वेळेवर सुटायची नसते, भरून सुटायची असते," असं ते नव्या ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी ऐकवत. गाड्या धुता धुता ते त्या खुर्चीपर्यंत पोचले होते. युद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा कोळशाच्या गॅसवर गाड्या चालवून त्यांनी पनवेल-उरण रस्ता चालू ठेवला. संध्याकाळी तोंड काळं करून ऑफिसात येत आणि आम्ही कारकून मंडळी हसलो तर स्वतःही हसत.

करंजा बंदराहून पनवेलला येणारी सकाळची गाडी हा त्यांचा खास हट्ट. बंदरावरचा मासळीचा लिलाव आटोपून कोळणींच्या पाट्या टपावर चढल्याशिवाय ती हलायची नाही. पनवेलच्या कोर्टाला निघालेले वकील कुरकुरत. साहेब त्यांना शांतपणे सांगत, "तुमचं कोर्ट उद्याही भरेल. कोलंबी उद्या टिकत नाही."

स्वातंत्र्यानंतर खाजगी गाड्यांचे परवाने आवळले जाऊ लागले. उशिराच्या तक्रारी वर गेल्या होत्याच. पत्र आलं, की अधिकारी पनवेलच्या स्टँडवर उभे राहून करंजाची गाडी तपासतील. तो परवाना गेला तर कंपनीच बुडणार होती. साहेबांचं जेवण सुटलं. ज्याच्या त्याच्या पाया पडायचे तेवढे बाकी राहिले होते.

त्या सकाळी माझं घड्याळ मागून ते स्वतः करंजाला गेले. लिलाव रेंगाळला होता. वेळ झाली तशी त्यांनी ड्रायव्हरला गाडी सोडायला सांगितलं. ड्रायव्हरने दोनदा मागे वळून पाहिलं. माणूस घाबरला की आयुष्यभराचं शहाणपण त्याला सुचत नाही, दुसरं काय म्हणणार?

गाडी मिनिटावर आली. आत चार माणसं, टप मोकळा. अधिकारी म्हणाले, "वेळ चोख आहे. पण या गाडीला उतारू कुठे आहेत?" आणि गरज नाही असा शेरा मारून त्यांनी परवाना बंद केला.

दुसऱ्या दिवशी साहेब परवाना परत मागणाऱ्या अर्जावर कोळणींचे अंगठे घ्यायला करंजाला गेले. मी बरोबर होतो. एकीनेही नाही म्हटलं नाही. शेवटची म्हातारी अंगठ्याची शाई लुगड्याला पुसत म्हणाली, "म्हावरा कुजला त्याचा काय नाय, सायेब. रोजचाच धंदा हाय. पन तुमी सोता गाडीत व्हतात. आमी हात दावला, तुमी बगितला नाय."

परतताना ते म्हणाले, "परवाना मिळेलही. पण मी पाहिलं होतं रे. सगळ्या धावत येत होत्या."

परवाना मिळाला नाही. गाड्या विकल्या गेल्या, आणि साहेब कुणाचा निरोप न घेता पनवेल सोडून गेले. माझाही घेतला नाही. त्या सकाळी मी त्यांना घड्याळ दिलं नसतं तर बरं झालं असतं.