कोकरांना लागलेली दृष्ट

दादा, मी पुण्याला निघालो तेव्हा भोरच्या एसटी स्टँडवर सगळी वाडी आली होती. काकी मात्र लांब, चौकशीच्या खिडकीपाशी, डोळ्यांवर पदर ओढून उभी होती. तिची नजर माझ्यावर पडू नये, असं आईनं बजावलं होतं.

आठवडाभर आधी आपली सहा कोकरं एका सकाळी मेली होती. आदल्या दिवशी काकी म्हणाली होती, "काय गुबगुबीत झाल्यात गं." तेवढंच. आई चौघांत म्हणाली, "हिचीच दिष्ट. रोडक्यांना काय झालं न्हाई, बघा की." पुढं बारशाला, नव्या वासरापाशी काकीला कुणी बोलावलं नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात वाचलं: आंत्रविषार. एकदम भरपूर दाणा पोटात गेला की आतड्यातले जंतू विष सोडतात. जास्त खाणारं, धष्टपुष्ट कोकरूच आधी मरतं. आणि आदल्या दिवशी दोन पाट्या नाचणी मीच ओतली होती. आता जाणार, म्हणून मायेनं.

दिवाळीला सांगू म्हटलं. मग आईला खोटं कसं पाडायचं, म्हणून राहिलं. मग जर्मनी, नोकरी, मुलं. सव्वीस वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात लॅबमध्ये ड्राय आइसमधून एक कुपी आली. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरच्या प्रयोगासाठी मागवलेली. लेबल वाचलं. तेच विष, शुद्ध केलेलं, तळाशी चिमूटभर पांढरी पूड. सहकारी सहीसाठी थांबली होती आणि मी लेबल पुन्हा पुन्हा वाचत होतो.

रविवारी काकीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी तवाच सांगत हुते, माजी दिष्ट न्हाई म्हून. तुला बाटलीत दिसलं तवा खरं झालं व्हय रं?" मी माफी मागितली. "मला कशाला? मला ठावं हाय. ती चौघांत बोलली हुती, तू चौघांत सांग."

आईला फोन लावतो, गुडघे कसे आहेत विचारतो आणि ठेवतो.

मुलं विचारतात, आपलं घर नक्की कुठलं? इथलं घर माझ्या नावावर आहे. पण ज्यांच्यासमोर मला खाली मान घालावी लागणार आहे, ती माणसं तिथं आहेत. तेच घर असावं. मे महिन्याचं तिकीट काढलंय. तोवर आईला काही सांगू नकोस, ते माझं काम आहे. काकी आपल्याकडे येणार नाही. आपणच चौघांना घेऊन तिच्या दारात जाऊ. चढ आहे, आईला दोघांनी धरून न्यावं लागेल.