कोंसूआत्याची झावळी

उपासाच्या बाबतीत आमच्या आळीत माझा हात धरणारा कोणी नाही. चाळीस दिवस मटण नाही, मासळी नाही, दारूचा थेंब नाही. मंगळवारी दुपारी हे मी बायकोला ऐकवतोय, तोंडात अख्खा तळलेला फुगा कोंबून. उद्या राखेचा बुधवार, उपासाचा पहिला दिवस, म्हणजे घरातलं तळलेलं सगळं आजच संपायला हवं. ती जबाबदारी मी एकट्यानं उचललीये. आणि ताडी घातलेले हे मैद्याचे फुगे पोटात गेल्यावरही फुगतच राहतात.

"आडवे होऊ नका," फिलोमीन म्हणते. "संध्याकाळी जुन्या झावळ्या चर्चमध्ये द्यायच्यात. त्या जाळून उद्या कपाळाला लावायची राख करायचीय."

"मी कुठं आडवा होतोय?" असं मी आडवा होऊन म्हणतो.

शेवटचा फुगा अजून गालातच आहे. खाट पायाकडून कुरकुरते. कोणीतरी बसलंय.

कोंसूआत्या. नाताळ झाल्यावर पुरली तिला. लाल लुगडं तेच, नाकातला कापूसही तोच. त्यामुळे आवाज सर्दी झाल्यासारखा.

"इनास, काय चावतोयस?"

"काही नाही, आत्या."

"तोंड उघड."

मी उघडत नाही. मरताना हिनं माझा हात धरला होता. माझ्या नावानं उपास धर, म्हणाली होती, म्हणजे शुद्धिस्थानात ताटकळायला नको, लवकर स्वर्गात जाईन. मी सगळ्यांदेखत छातीवर क्रूस काढून हो म्हटलं होतं.

"चल," ती म्हणते. खाटेमागची भिंत नाहीच. तिथं आमचं चर्च आहे, आणि बाकांवर गावातली सगळी मेलेली माणसं बसलीत. प्रत्येकाच्या मांडीवर ताट. रिकामं.

"वाढतं कोण?" मी घाबरत विचारतो.

"तुम्ही. तिकडं एकानं मनापासून घास सोडला, की इथं एक पडतो."

टप्प. पुढच्या बाकावर सांतानच्या ताटात भाताचा घास पडतो.

"सून चांगली आहे त्याची," आत्या म्हणते आणि स्वतःचं ताट माझ्यापुढं धरते. इतकं लख्ख, की त्यात माझा फुगलेला गाल दिसतो.

"उद्यापासून, आत्या! शपथ!"

"उद्यापासून तू जन्मल्यापासून चालू आहे."

सगळी डोकी माझ्याकडं वळतात. तोंडाकडं नाही, पोटाकडं. मी पळावं म्हणून वळतो, तर दाराच्या जागी आमचं स्वयंपाकघर, आणि आमच्याच कढईत म्हातारे बस्त्याव फादर झावळ्या जाळतायत. त्यांना जाऊनही वर्षं झाली. ते राखेत अंगठा बुडवतात आणि माझ्या कपाळाकडं आणतात.

"तू मैदा आहेस, आणि मैद्यालाच परत जाशील."

दरवर्षी ते 'माती' म्हणायचे. मी हसतो. कोणीच हसत नाही. मग मला खरी भीती वाटते.

"माझी झावळी कुठंय?" आत्या विचारते. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेली, तिनं स्वतःच्या हातानं क्रूस विणलेली झावळी. पवित्र हृदयाच्या तसबिरीमागं खोचलेली असायची.

"ती... बोंबलांना बांधलीय."

"कशाला?"

"सुके बोंबील उपासात डोळ्यांसमोर नकोत, आत्या. जुडी करून वर आढ्याला टांगलीय. सुतळी सापडली नाही."

बाकांवरून एकच उसासा निघतो. थंडगार.

"मेल्या, माझ्या क्रुसानं बोंबील बांधलेस! बरं, निदान हा घास तरी दे." ती दोन बोटं माझ्या तोंडात घालते. बोटं ओल्या मातीची. मी दात आवळतो. फुगा घशात अडकतो. श्वास नाही. ताट जवळ येतंय. त्यात माझं तोंड निळं.

"दे, बाबा," ती म्हणते. आता रागानं नाही, भुकेनं.

मी तोंड उघडतो.

टप्प.

"अवो, उशीवर काय थुंकता!" फिलोमीन पाठीत गुद्दे घालतेय. दुपारचं ऊन खाटेवर आलंय. उशीवर चावलेला फुगा नाही, नुसता तेलाचा डाग. माझ्या मुठीत आत्याची झावळी, आणि छातीवर सुके बोंबील पसरलेत. आढ्याला माझा हात शिडीशिवाय पोचत नाही.

मी अनवाणीच चर्चकडं धावतो आणि झावळी आपल्या हातानं पत्र्याच्या डब्यातल्या जाळात टाकतो. भाजलेल्या बोंबलाचा वास मैदानभर सुटतो. फादर माझ्याकडं बघतात. मी आभाळाकडं बघतो.

बुधवारी सगळ्या गावाच्या कपाळावर तीच राख लागते. मी खरंच काही खात नाही. दुपारी भुकेनं ग्लानी येते, डोळा लागतो. जाग येते तेव्हा मांजर माझ्या छातीवर बसलंय आणि कपाळ चाटून स्वच्छ झालंय.