मिरचीवालीचा मान

"पानी द्या रे याले, नहीते मरी जाई हाऊ पोऱ्या," खांडबाऱ्याच्या बाजारातली मिरचीवाली म्हणाली.

भूतानहून आपल्याकडे शेती शिकायला आलेला विद्यार्थी तिची हिरवी मिरची काकडीसारखी खात होता. इंग्रजी येतं म्हणून मला त्याची दुभाषी नेमलं होतं. पदर खोचून बाई प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, "मन्ही मिरची खाईसन पैलवान बी रडस." आता सारा बाजार त्याचे डोळे पाहत होता, आणि ते कोरडेच होते. शेजारची मुळेवाली हसू लागली.

तिसरी मिरची संपवून तो मला इंग्रजीत म्हणाला, "छान आहे. आमच्याकडे अशी लहान मुलांना देतात."

"काय म्हणस हाऊ?" बाईने हळूच विचारलं.

मी चारचौघांत कधी बोलत नसे.

"म्हणतो, रडू दाबताना जीव गेला," मी मोठ्याने सांगितलं.