पाठीमागं वळायचं न्हाई

एकाहत्तरच्या लढाईनंतर पेन्शनीवर आलेले एक सुभेदार साताऱ्यात आम्हा नवशिक्यांना पिस्तूल शिकवायचे. रागावले की आवाज चढायचा नाही, उलट खाली यायचा. "हातात पिस्तूल असताना मागनं तुमचा बाप जरी आला, तरी वळायचं न्हाई," हे दर रविवारी ठरलेलं.

आमच्या पहिल्या सामन्याआधी ते स्वतः नेम धरून दाखवत होते. पाहुणे होते त्यांच्याच पलटणीचे जुने कर्नल. "काय सुभेदार?" मागून आवाज आला आणि सुभेदार टाचा जुळवून गर्रकन वळले. भरलेल्या पिस्तुलाची नळी आमच्या सगळ्यांच्या पोटांवरून फिरली.

ते पुन्हा निशाणाकडे वळले आणि पिस्तूल रिकामं करून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"चालायचंच," कर्नलसाहेब हसले.

"न्हाई साहेब. चालत न्हाई," सुभेदार खालच्या आवाजात म्हणाले.

पुढच्या रविवारी ते आमच्या रांगेत शेवटी उभे! रिकामं पिस्तूल निशाणावर रोखून मला म्हणाले, "आज तुमी मास्तर. माज्या मागं हुबं ऱ्हावा आन् सायबासारकी हाक मारा."

मी हाक मारली. त्यांच्या टाचा खाडकन जुळल्या. मान मात्र हलली नाही.